पन्नास हजारांच्या शेजारी साल लिहा : महागाईविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत महागाईविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्यांच्या उत्तरांचा उपयोग इतर वाचकांनाही होईल अशी पाच पत्रे येथे निवडली असून, प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : मी नववी-दहावीला अर्थशास्त्राचा भाग शिकवते. महागाईची व्याख्या मुले पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात, पण घरात आजी "आमच्या वेळी सोने किती स्वस्त होते" असे म्हणते तेव्हा त्या वाक्याचा आणि व्याख्येचा काही संबंध आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांच्या आधाराने हा विषय शिकवावा का, की त्यामुळे तो उथळ होईल? (माध्यमिक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : विषय उथळ होण्याचे काहीच कारण नाही. चित्रपटात उच्चारलेल्या रकमेवर त्या वर्षाचा शिक्का बसलेला असतो आणि तो पुढे कधीही बदलत नाही. त्यामुळे महागाई शिकवताना पाठ्यपुस्तकातल्या काल्पनिक उदाहरणापेक्षा अशी रक्कम अधिक उपयोगी पडते. पथ्य एकच पाळावे. फळ्यावर रुपयांचा कोणताही आकडा लिहिला की त्याच्या शेजारी साल लिहायचे, आणि साल नसलेला आकडा मुलांनी मान्यच करायचा नाही. ही सवय एकदा लागली की व्याख्या पाठ करून घेण्याची गरज फारशी उरणार नाही.

'शोले'पासून सुरुवात करता येईल. १९७५च्या १५ ऑगस्टला प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात गब्बरसिंगवर सरकारने पन्नास हजार रुपयांचे इनाम लावलेले असते, आणि ती रक्कम ऐकताना त्याला स्वतःचा अभिमान वाटतो. आजच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग ठाऊक असतो, पण तो अभिमान कळत नाही, कारण पन्नास हजारांत आज चांगली मोटारसायकलही येत नाही. येथे मुलांना ७२ची रीत शिकवावी : वार्षिक दराने ७२ला भागले की किमती दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. या पन्नास वर्षांसाठी सरासरी सात टक्के दर धरणे वास्तवाला फारसे सोडून होणार नाही. त्या दराने किमती सुमारे दहा वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे पन्नास वर्षांत पाच वेळा दुप्पट, म्हणजेच बत्तीस पट. १९७५चे पन्नास हजार हे २०२५च्या सोळा लाखांच्या आसपास जातात. हे गणित मुलांनी स्वतःच्या हाताने केले पाहिजे, कारण उत्तर ऐकून जेवढे कळते त्याहून पुष्कळ अधिक ते दुप्पट करत जाताना कळते.

आजीच्या सोन्याचा मुद्दा याच टप्प्यावर घ्यावा. १९७५मध्ये दहा ग्रॅम सोने साडेपाचशे रुपयांच्या आसपास मिळत होते आणि २०२५मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे ते जवळजवळ दोनशे पट झाले. उलट रेडिओ, घड्याळ, दूरध्वनी यांसारख्या वस्तूंच्या किमती सरासरीच्या मानाने फारच कमी वाढल्या. बत्तीस पट हा अनेक वस्तूंचा मिळून काढलेला मध्य आहे आणि कोणत्याही एका वस्तूला तो तंतोतंत लागू पडत नाही. आपल्याकडे घराघरांत सोन्याच्या भावावरून महागाई मोजण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण सोन्याचा भाव जगातल्या अनिश्चिततेवर, डॉलरच्या दरावर आणि मोठ्या बँकांच्या खरेदीवर हलतो. बार्शीच्या बाजारातल्या ज्वारीशी त्याचे नाते फार दूरचे आहे.

दुसरे उदाहरण 'कौन बनेगा करोडपती'चे. हा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी सुरू झाला तेव्हा सर्वोच्च बक्षीस एक कोटी रुपये होते, आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी ते पहिल्यांदा जिंकले. सहा टक्के सरासरी दर धरला तर किमती बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतात, म्हणजे २०००च्या एक कोटीची बरोबरी करायला २०२४मध्ये सुमारे चार कोटी लागले असते. कार्यक्रमाने पुढे बक्षीस सात कोटींपर्यंत नेले. ही वाढ महागाईपेक्षा जास्त की कमी, आणि आज कोणी एक कोटी जिंकले तर त्याला नवाथे यांच्याइतकेच मिळाले असे म्हणता येईल का, हे दोन प्रश्न वर्गात विचारून पाहावेत. एक मुलगा "एक कोटी म्हणजे एक कोटीच" असे नक्की म्हणेल, आणि तासाचे खरे काम त्याच्याशी होणाऱ्या वादातून होईल.

तिसरे उदाहरण मला स्वतःला फार आवडते. 'गजनी' (२००८) या चित्रपटापासून हिंदीत शंभर कोटींच्या कमाईची भाषा रूढ झाली आणि २०१६मध्ये 'सैराट'ने मराठीत तो टप्पा गाठला. त्याआधीच्या पिढीत यशाचे माप वेगळे होते : चित्रपट किती आठवडे चालला. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवडे, साजरे केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. कोटींचे माप दरवर्षी थोडे आक्रसते, कारण तिकिटांचे दर वाढत जातात. १९७१चा आठवडा मात्र सातच दिवसांचा होता आणि आजचाही सातच दिवसांचा आहे. आठवड्यांच्या मापालाही मर्यादा आहेत, कारण आता एकच चित्रपट एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागतो आणि जास्त आठवडे टिकण्याची त्याला गरजच राहत नाही. तरी महागाईने न बदलणारे माप कसे असते हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या हे तिसरे माप मुले स्वतःहून सुचवतात का ते पाहावे.

शेवटी गाणी. 'रोटी कपडा और मकान' (१९७४) आणि 'पीपली लाइव्ह' (२०१०) या दोन्ही चित्रपटांतली महागाईवरची गाणी लोकांनी उचलून धरली, आणि त्या दोन्हींच्या मागे थोड्याच काळापूर्वी मोठा दुष्काळ होऊन गेला होता. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्राला सांगायला नको. त्यात ऑक्टोबर १९७३नंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला आणि १९७४-७५मध्ये घाऊक किमतींच्या वाढीचा दर पंचवीस टक्क्यांवर गेला. २००९चा मोसमी पाऊस हा १९७२नंतरचा सर्वांत तुटीचा होता, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात खाद्यवस्तूंची घाऊक भाववाढ वीस टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२पासून महागाईविरोधात स्त्रियांना संघटित केले आणि लाटणे मोर्चे काढले, हा इतिहासही त्याच पाठात आला पाहिजे. महागाईचा पहिला हिशेब स्वयंपाकघरात होतो, हे त्या स्त्रियांनी रस्त्यावर येऊन सरकारला ऐकवले होते.

प्रश्न : २०२५च्या ऑक्टोबरात महागाईचा दर पाव टक्क्यावर आला अशी बातमी वाचली. आमच्या घरखर्चात मात्र काहीही कमी झालेले नव्हते. आकडा खोटा होता का? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : आकडा खोटा नव्हता, आणि आपला अनुभवही खोटा नव्हता. त्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांकावर, म्हणजे कुटुंबे घेतात त्या वस्तू व सेवांच्या किमतींच्या एकत्रित आकड्यावर, आधारित दर ०.२५ टक्के होता. दर शून्याच्या जवळ येणे याचा अर्थ किमती पूर्वीच्या जागी परत गेल्या असा होत नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात ज्या उंचीवर होत्या त्याच उंचीवर त्या थांबल्या, एवढाच त्याचा अर्थ आहे. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२४मध्ये, हाच दर ६.२१ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ची किंमतपातळी १०० धरली तर ती २०२४मध्ये १०६.२१ झाली आणि २०२५मध्ये सुमारे १०६.४८. आपण मनात तुलना दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वाण्याच्या यादीशी करता, तर बातमी तुलना केवळ मागच्या वर्षाशी करते. या दोन तुलनांची उत्तरे वेगळी येणारच. सरकारी आकडेवारीने दराबरोबर पातळीही ठळकपणे सांगितली पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण कुटुंबाला भार पडतो तो पातळीचा.

शिवाय त्या पाव टक्क्यात भाज्यांचा वाटा फार मोठा होता. ऑक्टोबर २०२४मध्ये भाज्या कमालीच्या महागल्या होत्या, त्यामुळे वर्षभराने त्या त्या मानाने स्वस्त दिसल्या आणि त्यांनी संपूर्ण निर्देशांक खाली ओढला. सप्टेंबरअखेरीस वस्तू व सेवा कराचे काही दर घटले, त्याचीही थोडी भर पडली. खाद्यतेल आणि सोने मात्र त्याच काळात महाग झाले होते.

आता आपल्या घराचा प्रश्न. त्या वेळच्या, म्हणजे २०१२ हे पायाभूत वर्ष (ज्याची किंमतपातळी १०० धरतात ते) धरलेल्या निर्देशांकाच्या मालिकेत अन्न व पेये यांना देशपातळीवर ४५.८६ टक्के भार, म्हणजे एकूण निर्देशांकातला वाटा, होता. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९ टक्के होता. ज्या कुटुंबाचा निम्मा खर्च घरभाडे, शाळेचे शुल्क आणि औषधे यांवर होतो त्याला भाजी स्वस्त झाल्याचा लाभ थोडाच मिळतो, आणि डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांची स्थिती अशीच असेल. आपल्या घराचा दर काढणे अवघड नाही. सलग दोन वर्षांतला एकच महिना घ्यावा, त्या महिन्याच्या खर्चाचे सहा-सात गट करावेत, प्रत्येक गटात त्याच वस्तू त्याच प्रमाणात घेतल्या असत्या तर किती फरक पडला असता ते पाहावे, आणि त्या फरकांची बेरीज मूळ खर्चाशी ताडून पाहावी. वस्तूंचे प्रमाण तेच ठेवणे येथे महत्त्वाचे आहे. मुलगा मोठा झाला म्हणून दूध दोन लिटर लागू लागले, तर ती खर्चातली वाढ आहे, महागाई नाही.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो आणि अकरावीत आहे. नोटा छापण्याचा कारखाना आमच्या गावात आहे. 'मनी हाइस्ट' पाहताना वाटले की टोळी नोटा चोरत नाही, नवीन छापते, मग नुकसान कोणाचे होते? आणि सरकारने जास्त नोटा छापून गरिबांना का वाटू नयेत? (विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर : तुझा प्रश्न तू समजतोस त्यापेक्षा कठीण आहे, म्हणून त्याचे दोन भाग करू.

त्या मालिकेतली टोळी माद्रिदच्या टांकसाळीत सुमारे ९८ कोटी युरो छापून बाहेर पडते. युरो वापरणाऱ्या देशांत मिळून एकूण पैसा दहा लाख कोटी युरोंहून अधिक होता, म्हणजे टोळीने घातलेली भर दहा हजारांत एक एवढीही नव्हती. त्यामुळे स्पेनमध्ये पावाची किंमत वाढली असती असे म्हणता येत नाही. तरीही नुकसान झालेच. त्या नोटा देऊन टोळी जी घरे, जहाजे आणि सामान घेईल ते कोणाच्या तरी श्रमातून तयार झालेले असते, आणि टोळीने त्या बदल्यात समाजाला काहीही दिलेले नसते. हे नुकसान कोट्यवधी लोकांत विभागले गेल्यामुळे कोणालाही जाणवत नाही, एवढाच दरोड्याशी त्याचा फरक आहे.

आता सरकारचा विचार करू. घरी 'व्यापार' हा पटावरचा खेळ असेल तर तो काढ. पटावर प्रत्येक शहराची छापील किंमत कायम असते, पण खेळाडू एकमेकांना शहरे विकतात तेव्हा काय होते ते नीट पाहा. प्रत्येक फेरीला बँक सर्वांना पैसे देत राहते, शहरांची संख्या मात्र वाढत नाही. त्यामुळे खेळाच्या उत्तरार्धात दुसऱ्याच्या हातातले शहर मिळवायला छापील किमतीच्या कितीतरी पट मोजावे लागतात. पुढच्या वेळी फेरीचे पैसे दुप्पट करून खेळा आणि सौद्यांच्या किमती कागदावर टिपून ठेवा. नोटा वाढल्या, खेळाडू श्रीमंत झाल्यासारखे वाटले, पण पटावरची शहरे तेवढीच राहिली, हे तुला तुझ्याच टिपणात दिसेल.

झिंबाब्वेने हे प्रत्यक्षात भोगले. तेथे शेतीचे उत्पादन कोसळलेले असताना सरकार खर्च भागवण्यासाठी चलन छापत राहिले आणि जानेवारी २००९मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची नोट काढण्याची वेळ आली; त्याच वर्षी त्यांना स्वतःचे चलन सोडून परकी चलने स्वीकारावी लागली. अशा वेळी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त नाडले जातात ते गरीबच, कारण श्रीमंतांकडे जमीन, सोने आणि परकी चलन असते, तर मजुराकडे केवळ रोख मजुरी असते आणि ती संध्याकाळपर्यंत घटत जाते. तुझ्या मनातली गरिबांना मदत करण्याची इच्छा योग्यच आहे. तिचा मार्ग कर आणि सरकारी खर्च यांतून जातो. छापखान्यातून तो जात नाही.

नाशिकरोडच्या मुद्रणालयाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव : किती नोटा छापायच्या हे मुद्रणालय ठरवत नाही. रिझर्व्ह बँक केंद्र सरकारशी विचारविनिमय करून आपली मागणी नोंदवते आणि नाशिक, देवास, म्हैसूर व सालबोनी येथील मुद्रणालये ती पुरी करतात. फाटक्या-जुन्या नोटा बदलण्यासाठीही छपाई सतत चालू असते, म्हणून छपाई चालू आहे याचा अर्थ पैसा वाढतो आहे असा नसतो. आणि आजचा बराचसा पैसा कागदावर नसून बँकांच्या खात्यांत असतो. म्हणून महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँक मुख्यतः व्याजाच्या दराचा वापर करते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तिने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांपर्यंत नेला तो याचसाठी.

प्रश्न : कांदा महाग झाला की तो वाहिन्यांवर दिवसभर दाखवतात, आणि तो दोन रुपये किलोने गेला की कोणी विचारत नाही. महागाई आवरण्याचा भार शेतकऱ्यावरच का? (कांदा उत्पादक, निफाड तालुका)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२च्या मालिकेत कांद्याचा भार केवळ ०.६४ टक्के होता. याचा अर्थ, कांद्याची किंमत दुप्पट झाली आणि बाकी सर्व तसेच राहिले तर निर्देशांक एक टक्काही वाढत नाही. घरभाडे किंवा दवाखान्याचा खर्च हळूहळू वाढतो म्हणून त्याची बातमी होत नाही. कांदा महिन्याभरात दुप्पट होतो, रोज विकत घ्यावा लागतो, आणि कांद्याच्या भावावरून गाजलेल्या १९९८च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीनंतर प्रत्येक सरकार त्याला घाबरते. त्यामुळे त्याच्या भारापेक्षा त्याचा धाक कितीतरी मोठा झाला आहे.

या धाकाची किंमत लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारांत मोजली जाते. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३मध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४मध्ये ती शुल्कासह उघडली, आणि उरलेले २० टक्के शुल्क हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव वाढण्याचे कारण बहुधा ठरलेले असते : उन्हाळ कांद्याचा साठवणुकीच्या चाळीतला साठा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा पावसाने उशिरा येतो किंवा खराब होतो. निर्यात रोखल्याने ती तूट काही आठवडे झाकली जाते, पण परदेशातले गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळते आणि पुढच्या हंगामात भाव पडतो तेव्हा ते परत येत नाही.

ग्राहकाला दोष देऊनही चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४मधील एका अभ्यासात, ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो त्यातले सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात असे आढळले. शहरातल्या गृहिणीने मोजलेली भाववाढ आणि आपल्या हाती आलेला भाव यांच्यामध्ये वाहतूक, घट, हमाली, आडत आणि अनेक हात आहेत. चांगल्या चाळी, नासाडी कमी करणारी साठवण आणि हंगामाआधी जाहीर होऊन न बदलणारे निर्यातधोरण, या तीन गोष्टींनी दोघांचेही भले होईल. शाळेत महागाई शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे पत्र वर्गात वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे, कारण पाठ्यपुस्तकातला धडा बहुधा विकत घेणाऱ्याच्या बाजूनेच लिहिलेला असतो.

प्रश्न : मला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे किमान निवृत्तिवेतन मिळते. रक्कम कमी झालेली नाही, तरी दरवर्षी ती पुरेनाशी होते. यात माझे नेमके किती नुकसान होते? (निवृत्त कामगार, इचलकरंजी)

उत्तर : १९९५च्या या योजनेत दरमहा एक हजार रुपये हे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४पासून लागू झाले, आणि पुढची दहा वर्षे ते तेवढेच राहिले. त्या दहा वर्षांत ग्राहक किमतींची पातळी साधारण साठ टक्क्यांनी वर गेली. १००० भागिले १.६ केले तर ६२५ येतात. म्हणजे २०२४मध्ये आपल्या हाती पडणाऱ्या हजार रुपयांत २०१४मधल्या सव्वासहाशे रुपयांचाच माल येत होता. शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना महागाई भत्त्याप्रमाणे मिळणारा दिलासा किंमत निर्देशांकाबरोबर वर्षातून दोनदा सुधारला जातो. आपल्या योजनेत तशी जोड नाही, आणि नुकसान होते ते या एकाच कारणाने.

म्हणून मागणी करताना केवळ रक्कम वाढवून मागू नये. आज ती कितीही वाढवून मिळाली तरी निर्देशांकाशी जोडली नसेल, तर सहा टक्के दराने बारा वर्षांत तिची किंमत पुन्हा निम्मी होईल. आपल्या संघटनेच्या निवेदनात मागितलेल्या रकमेसोबत तिचे साल आणि निर्देशांकाशी जोडणीची अट, ही दोन्ही कलमे घालावीत. २०१४च्या हजार रुपयांचा वर दिलेला हिशेबही त्याला जोडावा, कारण तो कोणत्याही अधिकाऱ्याला पाच मिनिटांत तपासून पाहता येतो.